‘बंतु!’ म्हणणाऱ्या रुक्माक्का

पहिल्या दिवशी रुक्माक्कांनी मला कोडची एक ओळसुद्धा लिहू दिली नाही. स्वतःच्या शेजारी खुर्ची ओढून बसवलं आणि पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बघ नुसतं."

पडद्यावर काळ्या पाटीवर पांढरे आकडे होते. दर पाच सेकंदांनी शेवटचा आकडा एकाने वाढायचा. बाकी काही नाही. निपाणीहून बेंगळुरूला येऊन मला दोन वर्षं झाली होती, एका मोठ्या कंपनीचा अनुभव गाठीला होता, आणि इथे मी वाढते आकडे मोजत बसले होते. वीसेक मिनिटांनी आकड्यांच्या खाली एक हिरवी ओळ उमटली. त्याबरोबर ही छप्पन्न वर्षांची बाई दोन्ही तळव्यांनी टेबलावर थाप मारून ओरडली, "बंतु! बंतु!"

बंतु म्हणजे कानडीत ‘आलं’. माझ्या कपातली कॉफी बशीत सांडली. ऑफिसात मात्र कोणी मान वर करूनही बघितलं नाही. ती आरोळी तिथे रोजचीच होती.

"काय आलं, अक्का?" मी विचारलं.

"जयनगरच्या रक्तपेढीत आत्ता एक पिशवी फ्रिजमध्ये ठेवली कोणीतरी. तिथं ठेवली, आणि इथं आपल्याला कळलं. मोठी गंमत आहे की नाही?"

गेली तीन वर्षं त्या ही गंमत रोज पाहत होत्या. तरी त्यांचा चेहरा असा फुलला होता, जणू हे पहिल्यांदाच घडत होतं.

आमचं ऑफिस एचएसआर लेआउटमध्ये एका दातांच्या दवाखान्याच्या वर होतं. माणसं जेमतेम अकरा. काम असं, की राज्यातल्या काही रक्तपेढ्यांनी मिळून एक सामायिक नोंदवही ठेवली होती. ती ब्लॉकचेनवर होती, म्हणजे तिची प्रत प्रत्येक पेढीकडे, आणि लिहिलेलं कोणालाही गुपचूप खोडता येत नाही. नोंदी ब्लॉक नावाच्या गठ्ठ्यांत एकामागून एक जोडल्या जातात; पडद्यावर वाढणारा आकडा म्हणजे शेवटच्या ब्लॉकचा क्रमांक. पिशवी आली, गेली, राखून ठेवली, फ्रिजचं तापमान वाढलं, असं काहीही तिथे नोंदलं गेलं की ती चेन एक घोषणा करते. तिला इव्हेंट म्हणतात. ती ऐकून पुढे काय करायचं, ते सांगणारं छोटं फंक्शन म्हणजे हँडलर. एसडीके नावाची तयार हत्यारांची पेटी मिळते, तिच्यात बाकीची जोडणी झालेली असते. आपण इतकंच सांगायचं, की अमुक घोषणा झाली तर हे फंक्शन चालव. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

हे सगळे हँडलर रुक्माक्का लिहायच्या. पूर्ण नाव रुक्मिणी राव. मल्लेश्वरममध्ये जन्म, तिथेच लग्न, तिथेच घर. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर या मुलखात आलेलं त्यांचं घराणं. पुणं त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. मराठी घरातली, पण तिच्यात कानडी इतकी मुरलेली, की "स्वल्प थांब की गं," "सरी सरी," "अय्यो, ते बेडा," हे त्यांना परकं वाटायचंच नाही. स्वल्प म्हणजे जरा, सरी म्हणजे बरं, बेडा म्हणजे नको. ऑफिसात हिंदी चालायची. मराठी आम्ही तिघंच. त्या, मी आणि कंपनी काढणारा कौस्तुभ. तो पुण्याचा, तिशीतला. "बेसिकली अक्का, आपल्याला युजर एक्सपिरियन्स सीमलेस करायचाय," असं तो म्हणाला की त्या गंभीरपणे विचारायच्या, "आता मराठी बोलतोयस का इंग्रजी? आधी सांगत जा, त्याप्रमाणे कान लावते."

कान लावणं हा त्यांचा खरोखरचा व्यवसाय होता. एका सरकारी टेलिफोन कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं तपासणीच्या टेबलावर काढली होती. कानाला यंत्र लावायचं आणि एकेक लाइन नीट बोलते का ते ऐकायचं. कारखान्याचं काम आटत गेलं तशी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्या वेळी मुलगी घरी प्रोग्रॅमिंगच्या शिकवणीचे व्हिडिओ बघत असे. सोबत म्हणून आई शेजारी बसायची. तीन महिन्यांत मुलगी कंटाळून चित्रकलेकडे वळली. आई उठलीच नाही. "मला वाटलं, अरे, हे तर आपलंच टेबल आहे," त्या सांगायच्या. "तिकडं काहीतरी घडतं, इकडं ऐकायचं. फक्त आता तारा दिसत नाहीत."

त्यांच्या टेबलावर शाळेत मिळते तशी दोनशे पानी वही असायची. कुठलाही हँडलर लिहिण्याआधी त्या वहीत एक मराठी वाक्य लिहायच्या. ‘पिशवीची मुदत संपली की पेढीला निरोप जावा.’ बस. माझं पहिलं वाक्य मी त्यांना दाखवलं: ‘पिशवी आली की नोंद करावी आणि साठा मोजावा आणि कमी असेल तर जवळच्या पेढीला कळवावं.’ त्यांनी दोन्ही ‘आणि’भोवती गोल केले.

"हे तीन हँडलर आहेत. तिघांना एका सदऱ्यात कोंबू नको."

"पण अक्का, एकातच झालं तर कमी कोड—"

"मधलं फसलं तर पहिलं झालं होतं की नाही, हे कोण सांगणार? तू?"

मी ते तीन वेगळे लिहिले. त्या पुढे वाकून वाचत गेल्या आणि तिसरा संपल्यावर माझ्या पाठीत असा धपाटा घातला की चष्मा नाकावरून घसरला. शाबासकी द्यायची त्यांची तीच पद्धत होती.

माझी पहिली मोठी चूक त्यानंतर महिन्याभरातली. फ्रिजचं तापमान वाढल्याची घोषणा आली की पेढीच्या सिस्टरना फोनवर निरोप जाईल, असा हँडलर मी लिहिला होता. तीनदा तपासला, चालला. मग एका सकाळी आमचा सर्व्हर चाळीसेकदा बंद पडून पुन्हा सुरू झाला, आणि दर वेळी जुन्या घोषणा पहिल्यापासून ऐकू लागला. चेन काही विसरत नाही. विचारलं की सगळं पुन्हा सांगते. जयनगरच्या लीलावती सिस्टरना एका जुन्याच तापमानवाढीबद्दल चाळीसेक निरोप गेले. त्या बिचाऱ्यांनी फ्रिजचा आख्खा कप्पा रिकामा करून एकेक पिशवी तपासली. सगळं ठीक होतं. मग त्यांचा फोन आला, आणि तो दोन टेबलांपलीकडेही ऐकू गेला.

मला वाटलं, अक्का आता रागावतील. त्यांनी आपली झोळी खांद्याला अडकवली. "लॅपटॉप घे. चल."

"कुठे?"

"जिथं चूक पोचली तिथं."

बस बदलून आम्ही जयनगरला गेलो. लीलावती सिस्टर ठेंगण्या, कडक इस्त्रीच्या. मी माफी मागितली. त्या कानडीत म्हणाल्या, "मला घाबरवायचं असेल तर एकदाच घाबरव, मुली. चाळीसदा घाबरवलंस तर एक्केचाळिसाव्या वेळी मी उठणारच नाही. आणि नेमकं तेव्हाच खरं असेल."

अक्कांनी मला तिथेच, पेढीच्या बाहेरच्या बाकावर बसवलं. "ऐक. प्रत्येक घोषणेला तिची ओळख असते. कितव्या ब्लॉकात, कुठल्या व्यवहारात, त्यात कितवी. ती ओळख लिहून ठेव. काम करायच्या आधी बघ, ही आधी येऊन गेली का? चेन दोनदा सांगेल, दहादा सांगेल. तो तिचा दोष नव्हे. दहादा ऐकलं तरी काम एकदाच."

रक्तदात्यांची ये-जा चालू असताना मी तो बदल लिहिला. मग अक्का सिस्टरना म्हणाल्या, "फोन हातात धरा. आता ही मुलगी तीच घोषणा पुन्हा चाळीस वेळा पाठवणार." फोन एकदा वाजला. सिस्टर फोनकडे बघत राहिल्या. एक मिनिट गेलं, दोन गेली. शेवटी सिस्टर हसल्या, आणि डब्यातलं चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला भात, आम्हा दोघींपुढे ठेवलं. परतीच्या बसमध्ये अक्का एवढंच बोलल्या, "तुझा हँडलर कोणाच्या हातात वाजतो, ते माणूस बघून ठेवावं." त्यानंतर त्यांनी मला एकेक करून सगळ्या पेढ्या दाखवल्या.

कौस्तुभशी त्यांचं भांडण आठवड्याला एकदा ठरलेलं. त्यातलं मोठं भांडण रंगावरून झालं. रुग्णालयांच्या प्रमुखांना आमचं काम दाखवायचं होतं. कौस्तुभचं म्हणणं, घोषणा आली की त्याच क्षणी पडद्यावर पिशवी हिरवी दिसली पाहिजे. अक्का म्हणाल्या, नाही. नुकताच जोडलेला ब्लॉक कधीकधी मागे घेतला जातो, त्याच्या जागी दुसरा बसतो. मग त्यातली घोषणाही झालीच नाही असं धरावं लागतं. पुढे आणखी काही ब्लॉक जोडले गेले की मगच ती पक्की.

"अक्का, असं वर्षातून कितीदा होतं? आणि अर्धं मिनिट थांबायचं? डेमोमध्ये अर्धं मिनिट म्हणजे इटर्निटी!"

"नळाला पाणी आलं की पहिली धार सोडून देतोस ना? ती का सोडतोस?"

"ते पाणी आहे, अक्का."

"आणि हे रक्त आहे."

कौस्तुभ दार आपटून बाल्कनीत गेला. अक्काही त्याच्या मागून गेल्या. वीस मिनिटं दोघांचे हात काचेतून हलताना दिसत होते. परत आले तेव्हा तोड निघाली होती: घोषणा आली की पिशवी पिवळी दिसेल, पक्की झाली की हिरवी. गंमत म्हणजे डेमोच्या दिवशी ती पिवळीची हिरवी होण्याकडेच सगळे डॉक्टर टक लावून बसले, आणि हिरवी झाल्यावर एकाने टाळी वाजवली. कौस्तुभने अक्कांकडे बघून कान पकडले.

आता त्या दिवसाचं सांगते.

मे महिना, दुपारची जेवणाची वेळ. अक्का दहीभात खात होत्या, डोळे पडद्याकडे. घास हातात तसाच राहिला. "हे गप्प का आहे?"

"लंच टाइम आहे, अक्का. पेढ्यांमध्ये शांत असणारच," कौस्तुभ म्हणाला.

"घोषणा नसतील. पण ब्लॉक तर येतच राहतात. आकडा बघ. हलतच नाही."

आकडा खरंच थांबला होता. आमची चेनशी जोडणी तुटली होती, पण तुटल्याचं कोणी सांगितलं नव्हतं. वरून सगळं चालू दिसत होतं आणि आत काहीच येत नव्हतं. अक्कांनी उष्टा हात तसाच वर धरला आणि डाव्या हाताने जोडणी तोडून पुन्हा जोडली. त्यांनी फार पूर्वी एक छोटं फंक्शन लिहून ठेवलं होतं: पुन्हा जोडलं गेल्यावर, शेवटचा ऐकलेला ब्लॉक कोणता ते बघायचं, आणि मधलं सगळं मागून घ्यायचं. ते चाललं. सुटलेल्या घोषणा भराभर उमटू लागल्या, आणि त्यातली एक लाल होती.

हुबळीच्या एका रुग्णालयाची मागणी. बाळंतपणासाठी दाखल झालेली एक बाई, रक्तगट बॉम्बे. हा गट इतका दुर्मिळ, की साधं ‘ओ’ रक्तही त्या माणसाला चालत नाही. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी; त्यापलीकडे डॉक्टर थांबायला तयार नव्हते. एक पिशवी तरी हाताशी हवी होती.

"बंतु!" अक्का ओरडल्या, पण या वेळी आवाज वेगळा होता. सगळे उठून त्यांच्यामागे उभे राहिले.

मागणीचा हँडलर चालला, सगळ्या पेढ्यांना निरोप गेले. पुन्हा जोडल्यामुळे तीच मागणी दोन वाटांनी आमच्याकडे आली होती, तरी निरोप प्रत्येकाला एकेकच गेला. मी मनातल्या मनात लीलावती सिस्टरना नमस्कार केला. मिनिटभरात म्हैसूरच्या पेढीची एक पिशवी पडद्यावर आली. गट बॉम्बे, रंग पिवळा.

"मिळाली!" कौस्तुभने फोन उचलला. "हुबळीला सांगतो."

अक्कांनी त्याचं मनगट धरलं. दहीभाताच्या हाताने. "पिवळी आहे."

"अक्का, प्लीज! तिकडे माणसं वाट बघतायत!"

"म्हणूनच."

आम्ही थांबलो. पाच सेकंद, दहा, पंधरा. आणि पिशवी पडद्यावरून नाहीशी झाली. पुढे कळलं ते असं: म्हैसूरच्या तंत्रज्ञाकडून गट चुकीचा नोंदला गेला होता, लक्षात येताच त्याने दुरुस्ती पाठवली. दोन नोंदी दोन वेगळ्या ब्लॉकांत गेल्या, आणि चेनने दुरुस्तीचा ब्लॉक ठेवला. कौस्तुभने फोन हळूच खाली ठेवला. त्याच्या मनगटावर भाताची दोन शितं होती. ती पुसायचंही त्याला सुचलं नाही.

सात-आठ मिनिटं काहीच आलं नाही. अक्का मात्र आकड्याकडे बघत ताठ बसून होत्या. मग मल्लेश्वरमच्या पेढीची ओळ उमटली. तिथे एका रुग्णासाठी राखून ठेवलेली बॉम्बे गटाची एक पिशवी होती. त्याला शस्त्रक्रियेची गरज न पडता आदल्या दिवशी घरी सोडलं होतं. निरोप वाचून तिथल्या डॉक्टरांनी ती मोकळी केली होती. पिवळी. आम्ही मोठ्याने ब्लॉक मोजायला लागलो, क्रिकेटच्या शेवटच्या षटकात मोजतात तसे. खालच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट काय झालं बघायला वर आली. आणि पिशवी हिरवी झाली.

"बंतु!" या वेळी अकरा जणांनी एकदम.

हुबळीची गाडी यशवंतपूरहून सुटायला पाऊण तास होता. मल्लेश्वरमहून यशवंतपूर ऑटोने किती लांब? पण बेंगळुरूच्या दुपारचा काही भरवसा नाही. अक्कांनी पेढीच्या माणसाला स्वतः फोन लावला आणि गल्ल्या सांगू लागल्या. "मार्गोसा रोडला जाऊ नको, तिथं खोदलंय. पाठीमागनं काढ. ऑटोवाल्याला दे फोन. अण्णा, नमस्कार, स्वल्प बेगा, जरा लवकर!" पिशवीची पेटी गाडीत चढल्याची घोषणा आली तेव्हा गाडी सुटायला अकरा मिनिटं होती.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला हुबळीच्या डॉक्टरांचा फोन आला. रक्त लागलं होतं, दिलं गेलं, आई आणि मुलगी दोघीही ठीक. कौस्तुभ पळत जाऊन म्हैसूरपाक घेऊन आला. आम्ही अक्कांना शोधत होतो. त्या आपल्या टेबलापाशी होत्या आणि वहीत वाक्य लिहीत होत्या: ‘आकडा अर्धं मिनिट हलला नाही तर मोठ्याने घंटा वाजावी.’

"अक्का, आज तरी!" मी म्हणाले.

"काल सहा मिनिटं आपण बहिरे होतो गं. जेवताना माझे डोळे पडद्याकडे नसते तर?" त्यांनी म्हैसूरपाकचा तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि मग एकदम उघडून माझा हात गच्च धरला. "मुलगी झाली! ऐकलंस ना? मुलगी!" त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्या हसत होत्या.

त्यानंतर वर्षभराने कंपनीची दिशा बदलली. ज्यांनी कंपनीत गुंतवणूक केली होती, त्यांना रक्तपेढ्यांमध्ये रस उरला नव्हता. त्यांना डिजिटल नाण्यांची खरेदी-विक्री करणारं ॲप हवं होतं. कौस्तुभने बरेच दिवस ओढून धरलं, मग हार मानली. त्याने अक्कांना सांगितलं, हँडलर तेच, एसडीके तेच, फक्त घोषणा वेगळ्या.

"सरी," अक्का म्हणाल्या. "पण मला त्या ऐकायच्या नाहीत."

त्या भांडल्या नाहीत. पेढ्यांनी आपसात मिळून ती व्यवस्था स्वतःकडे घेतली आणि देखभालीला रुक्माक्कांना बोलावलं. त्यांनी मला विचारलं, येतेस का? मी ‘विचार करते’ म्हणाले, आणि मग नकार दिला. घरचं, भावाचं शिक्षण, अशी कारणं मी सांगितली. ती खोटी नव्हती. पण खरं हेही होतं, की मला धाडस झालं नाही. त्या म्हणाल्या, "असू दे. तू लिहितेस चांगलं." आणि शेवटचा धपाटा घातला. तो मला आधीच्या सगळ्या धपाट्यांपेक्षा जास्त लागला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या वर्षी, मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर. मी निपाणीच्या गाडीची वाट बघत होते. शेजारच्या फलाटावर चित्रदुर्गची साधी लाल बस उभी होती, आणि पुढून दुसऱ्या खिडकीत रुक्माक्का. केस आणखी पांढरे झालेले. चपला काढून मांडी घातलेली, मांडीवर लॅपटॉप, कानाला फोन खांद्याने दाबलेला, आणि दोन्ही हात कीबोर्डवर. कुठल्यातरी तालुक्याच्या पेढीत नवीन मुलींना शिकवायला निघाल्या असणार. मी हाक मारली, पण इंजिनाच्या आवाजात ती पोचली नाही. काहीतरी फार मजेचं चाललं असावं, कारण त्या फोनवर ऐकता ऐकता जोरजोरात मान डोलावत होत्या.

कंडक्टर तिकीट द्यायला आला. बायकांना त्या बसमध्ये तिकीट फुकट मिळतं, फक्त ओळखपत्र दाखवावं लागतं. अक्कांनी ते आधीच काढून दातांत धरलं होतं. हात मोकळे नव्हते ना. कंडक्टर क्षणभर थांबला, मग त्याने स्वतःच ते त्यांच्या दातांतून अलगद काढलं, बघितलं, आणि तिकिटासकट लॅपटॉपच्या कडेखाली सरकवलं. अक्कांनी वर न बघताच त्याला मान हलवून धन्यवाद दिले. बस मागे सरली, वळली आणि तुमकुरू रोडच्या दिशेने निघून गेली. त्या टाइप करतच होत्या.